काळ्या रानात दिव्याचा खांब उभा करायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगली-मिरज रस्त्यालगत गोदाम आणि शोरूमचं आवार आहे. आत ९ मीटर उंचीचे २२ अष्टकोनी खांब उभे करायचे आहेत. ड्रॉइंगमध्ये पाया ६०० बाय ६०० आणि १५०० मिलिमीटर खोल दिलाय. मे महिन्यात सहा पाये टाकले, जूनच्या तोंडावर खांब उभे केले आणि जुलैत त्यातले दोन कलले. कंत्राटदार म्हणतोय, उरलेल्या सोळांना तयार प्रीकास्ट बेस आणून बसवू, कटकट मिटेल. आणि तुम्ही विचारताय, एम-२० च्या जागी त्याहून ताकदीचं एम-३० काँक्रीट केलं तर भागेल का?

नाही भागणार. खांब कलला की सगळे आधी काँक्रीटवर संशय घेतात. क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे, कागद मागवले जातात, सिमेंट कुठलं होतं यावर तास जातो. मी आजवर जेवढे कललेले खांब उकरून बघितलेत, त्यांत पायाचं काँक्रीट फुटलंय असं एकदाही सापडलं नाही. पाया अख्खाच्या अख्खा, ठणठणीत, फक्त तिरका. दात हलतो तेव्हा दात मोडलेला नसतो, हिरडीनं धरणं सोडलेलं असतं, तसला हा प्रकार. म्हणून मी पोरांना सांगतो की दिव्याच्या खांबाचा पाया म्हणजे काँक्रीट नव्हे, खड्डा. तुमचे दोन खांब कलले ते खड्ड्यामुळे, याबद्दल मला फारशी शंका नाही.

इमारतीचा कॉलम जमिनीला खाली दाबतो. दिव्याचा खांब दाबत नाही. ९ मीटरचा ३ मिलिमीटर पत्र्याचा खांब ब्रॅकेट आणि दिव्यासकट शंभर किलोच्या आसपास भरतो, म्हणजे दोन सिमेंटची पोती. तेवढ्यानं कुठलीच जमीन खचत नाही. खांब जमिनीला आडवा ढकलतो, आणि तो ढकलतो वाऱ्यामुळे.

आकडेमोड एकदा करून बघा, डोळे उघडतात. वाऱ्यासाठीचं भारतीय मानक ८७५, भाग ३. त्यात पुण्याला मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. आपल्याकडेही डिझाइनला हाच आकडा धरतात. त्यातून चौरस मीटरला साधारण ९३ किलो दाब येतो. खांबाचं वाऱ्यासमोरचं क्षेत्र एक चौरस मीटरच्या जवळपास, दिवे आणि ब्रॅकेटचं आणखी ०.२ धरा, आकाराचा गुणांक १.२ घ्या. एकूण जोर झाला १३५ किलो. दिसायला किरकोळ, दोन माणसांच्या वजनाएवढा. पण खांबावरचा जोर सरासरी चार मीटर उंचीवर लागतो आणि दिव्यावरचा नऊ मीटरवर. जमिनीच्या पातळीला त्याचा मोमेंट, म्हणजे जोर गुणिले उंची, खांब उलटवणारी ताकद, ६४० किलो-मीटर होतो, आणि पायाच्या तळाशी मोजला तर ८४० च्या घरात जातो.

आता तुमचा ६०० बाय ६०० बाय १५०० चा पाया. काँक्रीट ०.५४ घनमीटर, वजन १३०० किलो. खांबाचे शंभर मिळवून १४००. हा ठोकळा उलटताना तळाच्या कडेवर फिरणार, म्हणजे वजनाला हात मिळतो फक्त ३०० मिलिमीटरचा. १४०० गुणिले ०.३ म्हणजे ४२०. अडवायचेत ८४०, आणि वजन अडवतंय निम्मं. उरलेलं निम्मं, वर सुरक्षिततेचा जो काही गुणांक असेल तो, हे सगळं बाजूच्या मातीनं धरायचं असतं. ड्रॉइंग काढणाऱ्यानं ते गृहीत धरलेलं असतं, आणि चांगला मुरूम असेल तर ते बरोबरही आहे. एम-३० केल्यानं या हिशेबात एक किलोसुद्धा वाढत नाही.

आता मे महिन्यात तुमच्या साइटवर काय झालं असेल ते सांगतो. चुकत असेन तर सांगा. जेसीबी आणली. जेसीबीची बकेट दोन फुटी, पण ती पाच फूट खोल सरळ उतरत नाही, ती ओढत ओढत खाते. त्यामुळे दोन फुटी खड्ड्याऐवजी दोन मीटर लांब, तळाला निमुळती घळ झाली. त्यात मध्यभागी शटरिंग लावून ६०० चा ठोकळा ओतला, तीन-चार दिवसांनी फळ्या काढल्या आणि निघालेलीच माती जेसीबीनं परत लोटली. मे महिन्यातली काळी माती म्हणजे ढेकळं, नारळाएवढी. वरून चाक फिरवलं, वरचा थर बसला, आत ढेकळांमधल्या पोकळ्या तशाच. जूनचा पाऊस त्या पोकळ्यांत उतरला, ढेकळं विरघळली, भराव खाली बसला, आणि पायाच्या दोन बाजूंना धरायला काहीच उरलं नाही. तुमचे खांब जेसीबीच्या घळीच्या दिशेलाच कललेत का, एवढं बघा. माझा अंदाज आहे की हो.

माझ्याकडचा एक जुना मुकादम अशा खड्ड्याकडं बघून म्हणायचा, "सायब, ह्यो खड्डा खांबासाठनं काढलाय का म्हशीसाठनं?" त्याच्या इतकं नेमकं नंतर कुणी सांगितलं नाही.

भराव नीट केला असता तरी काळ्या मातीचा स्वतःचा स्वभाव आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. सांगली, तासगाव, मिरजेकडच्या रानात एप्रिल-मेमध्ये हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. तीच भेग तुमच्या पायाभोवतीही पडते. एकदा एका दवाखान्याच्या पार्किंगमधला खांब हलतो म्हणून बोलावलं होतं. मे महिना. मी पायाच्या कडेला खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी उभी घातली, ती अख्खी आत गेली आणि बोटातून सुटली. पट्टी अजून तिथंच आहे. चारी बाजूंनी अशी फट असेल तर वरची मीटरभर माती खांबाला हातही लावत नसते. वळवाचं वादळ नेमकं त्याच दिवसांत येतं, म्हणजे माती सगळ्यात सैल असताना वारा सगळ्यात जोराचा. म्हणून काळ्या रानात मी वरचा एक मीटर हिशेबात धरतच नाही. धरायचं ते त्याखालचं.

मग उरलेल्या सोळा पायांचं काय करायचं? पहिला पर्याय खोली वाढवणं. खाली मुरूम किती खोलीवर लागतो ते दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन बघा. सात फुटांच्या आत लागत असेल तर पाया मुरमात किमान दीड-दोन फूट रुतवा. नसेल लागत तर २.१ मीटरपर्यंत जा. दुसरं, खड्डा जेवढ्यास तेवढा काढा आणि काँक्रीट थेट न हललेल्या मातीला लावून ओता. शटरिंग फक्त जमिनीच्या वरच्या भागाला. खड्ड्याच्या भिंती ओबडधोबड राहिल्या तर उत्तमच, काँक्रीट त्यात शिरून धरतं.

यासाठी सगळ्यात बरं हत्यार म्हणजे ऑगर, जमिनीत गोल भोक पाडणारा मोठा गिरमिट. ६०० मिलिमीटर व्यासाचा गोल खड्डा २.१ मीटर खोल काढला तर काँक्रीट लागतं ०.५९ घनमीटर, म्हणजे तुमच्या सध्याच्या पायापेक्षा जेमतेम पाच-सहा पाट्या जास्त. मशीनला जोडायचा ऑगर भाड्यानं मिळाला तर सोळा खड्डे दोन दिवसांचं काम. नाही मिळाला तर माणसं लावा, पण मग पाया ७५० चा करून घ्या. कारण साधं आहे. ६०० च्या चौकोनात माणूस उतरून वाकू शकत नाही, वरून पहार मारत बसतो आणि खड्डा तळाला बादलीसारखा निमुळता होतो. ७५० मध्ये उतरून टिकाव चालतो. दीड मीटरच्या पुढं मात्र आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय माणूस उतरवू नका. कोरडी काळी माती कड्यासारखी उभी राहते आणि न सांगता येते. संध्याकाळी प्रत्येक खड्ड्यावर फळ्या टाकून जा. आमच्या एका साइटवर रात्री शेजारच्या वस्तीतलं वासरू पडलं होतं. ते काढायला गेलेला सकाळचा अर्धा दिवस मोजमाप पुस्तकात कुठं लिहायचा, हे मला आजवर कळलेलं नाही.

ही खोली आणि आकार बदलताना सल्लागाराची सही घ्या. माझे आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या खांबाचा आणि दिव्याचा हिशेब त्यांनी करायचा.

एक सापळा सांगून ठेवतो, कारण हुशार माणसंच त्यात अडकतात. काळी माती वाईट, मग मोठा खड्डा घेऊन भोवती मुरूम भरू, असं सुचतं. घराच्या पायासाठी सरसकट माती बदलतात, तिथं ठीक. इथं एकट्या खांबाभोवती मुरमाचा खिसा केलात तर तो काळ्या मातीतला हौद होतो. आवारातलं पाणी मुरमातून आत येतं, बाजूची चिकट माती त्याला बाहेर जाऊ देत नाही, आणि पाया चार महिने पाण्यात उभा. चुकून खड्डा मोठा झालाच तर फट १:४:८ च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटनं भरा. महाग वाटतं? १.२ मीटरच्या चौरस खड्ड्यात ६०० चा पाया असेल तर भोवतीची फट १.६ घनमीटर होते, पायाच्या तिप्पट. म्हणूनच खड्डा मोठा होऊ द्यायचा नाही.

आता प्रीकास्ट. बेस वाईट नसतात. कारखान्यात टेबलावर ओतलेले, बोल्ट नेमके, क्युरिंग झालेलं. डांबरी किंवा काँक्रीटच्या यार्डात आठवड्यात काम उरकायचं असेल तर मीही वापरतो. पण प्रीकास्ट बेस खड्ड्यात उतरवायचा म्हणजे खड्डा त्याच्यापेक्षा सगळीकडून वीतभर मोठा लागणारच, आणि ती फट भरणं हेच तर तुमच्याकडं फसलेलं काम आहे. म्हणजे जी गोष्ट जमली नाही तीच सोळा वेळा करायची. ठरवलंच तर तळाला १०० मिलिमीटर पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), बेस ओळंब्यात, भोवती पातळ १:४:८ काँक्रीट, माती अजिबात नाही. आणि १३०० किलोचा ठोकळा हायड्रा क्रेननं उचला. जेसीबीच्या बकेटला साखळी बांधून उचलताना दिसला तर काम थांबवा.

साताऱ्याकडं गेलात की प्रश्न उलटा होतो. तिथं बऱ्याच साइटवर दोन-अडीच फुटांवर कातळ लागतो, आणि ड्रॉइंगमध्ये दीड मीटर लिहिलंय म्हणून लोक तीन दिवस ब्रेकर लावून बसतात. काळा पत्थर फोडून त्यात ठोकळा ओतण्यात शहाणपण नाही. वरची माती-मुरूम काढा, कातळ धुऊन घ्या, त्यात भोकं पाडून २० मिलिमीटरच्या सळया केमिकल ग्राउटनं बसवा आणि पाया त्यांना बांधा. सळया किती आणि किती खोल, ते सल्लागार ठरवेल. खोली निम्म्यावर येते आणि पकड दुप्पट. फक्त तो खरा कातळ आहे की सुटा धोंडा आहे, हे पहारीनं ठोकून बघा. धोंड्याचा आवाज बद्द येतो.

तिकडंच दुसरी भानगड, भरावाची. उतारावरचा प्लॉट कापून आणि भरून सपाट केलेला असतो. कापलेल्या बाजूला मुरूम पक्का, भरलेल्या बाजूला काल-परवाचा भराव. सगळ्या खांबांना एकच ड्रॉइंग. भरावातल्या पायाची खोली मूळ जमिनीपासून मोजायची, भरावाच्या माथ्यापासून नाही. भरावाच्या कडेपासून दोन मीटरच्या आत तर खांब घेऊच नका, कारण तिथं एका बाजूला मातीच नसते.

वाऱ्याचंही तसंच. मानकात टेकडी आणि कड्यासाठी k३ नावाचा गुणांक आहे, १.० पासून १.३६ पर्यंत. वेग १.३६ पट म्हणजे दाब त्याच्या वर्गाच्या पटीत, १.८५. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या कुणी हौसेनं उभ्या केलेल्या नाहीत. पठारावरच्या हॉटेलच्या किंवा रिसॉर्टच्या पार्किंगला सांगलीच्या गोदामाचं ड्रॉइंग लावू नका. कोयनेच्या भूकंपाचं काय, असं साताऱ्याकडचे मालक हमखास विचारतात. ११ डिसेंबर १९६७ तिकडं कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात लागतो आणि खांबाला वजनच नसतं. नऊ मीटरच्या खांबाला वाराच भारी पडतो, भूकंप नाही.

तुमच्या साइटवर पुराचा विचार मात्र करा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या वेळी तुमच्या आवारात पाणी आलं होतं का, हे शेजारच्या चहावाल्याला विचारा, भिंतीवरची रेघ तो दाखवेल. पाया पाण्यात बुडाला की काँक्रीटच्या घनमीटरमागचे २४०० किलो १४०० च भरतात. म्हणजे तुमच्या पायाचं १३०० किलो वजन साडेसातशेवर येतं, आणि भोवतीची माती लोण्यासारखी झालेली असते. पुराच्या पट्ट्यात मी रुंदी आणि खोली दोन्ही वाढवून घेतो आणि जंक्शन बॉक्सचं दार जमेल तेवढं वर मागवतो.

बोल्टकडं येऊ. गंमत अशी की बोल्ट सहसा ताकदीत कमी पडत नाहीत. तुमच्या खांबाला २० मिलिमीटरचे चार बोल्ट असतील. ६४० किलो-मीटरचा मोमेंट दोन बोल्टांनी २०० मिलिमीटरच्या अंतरावर घेतला तर एकेका बोल्टला १६०० किलो ओढ बसते, आणि साधा ४.६ ग्रेडचा बोल्टसुद्धा त्याच्या चौपट झेलतो. बोल्टचं वाटोळं होतं ते जागा चुकल्यानं. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर लागला, बोल्ट १० मिलिमीटर सरकला, मग खांब बसेना, मग कुणीतरी पाईप घालून बोल्ट वाकवतो किंवा बेस प्लेटचं भोक गॅसनं मोठं करतो. वाकवलेला बोल्ट मुळाशी चिरतो आणि कापलेल्या प्लेटचं गॅल्वनायझिंग, म्हणजे गंज अडवणारा जस्ताचा थर, तिथंच संपतं.

म्हणून फरमा, म्हणजे बोल्ट जागेवर धरणारा भोकांचा साचा. मी १६ मिलिमीटर प्लायचा नव्हे, ५ मिलिमीटर स्टील प्लेटचा फरमा करून घेतो, खांब बनवणाऱ्याच्या ड्रॉइंगवरून, आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष खांबाच्या बेस प्लेटवर ठेवून ताडून. एक वर, एक खाली बोल्टच्या टोकांपाशी, म्हणजे चारी बोल्ट एकमेकांना समांतर राहतात. वरचा फरमा शटरिंगच्या कडेला पक्का करायचा, काँक्रीटवर तरंगता ठेवायचा नाही. आट्यांना ग्रीस लावून वर पीव्हीसी पाईपचा तुकडा चढवायचा. बोल्ट वर किती राहील? खालचा नट, प्लेट, वॉशर, वरचा नट, लॉक नट आणि दोन-तीन आटे. २० च्या बोल्टला हे सगळं १०५ ते ११० मिलिमीटर होतं. कमी ठेवलात तर लॉक नट बसत नाही, आणि तो सगळ्यात आधी गाळला जातो.

आणि दिशा. इथं माझीच चूक सांगतो. शिरवळच्या बाजूला एका आवारात चौदा पाये टाकले. सगळे फरमे मी कंपाउंडच्या भिंतीला समांतर लावून घेतले, दोरी सरळ, मन प्रसन्न. आतला रस्ता भिंतीला समांतर नव्हता. वीस अंशांचा तरी फरक होता. खांब उभे राहिले तेव्हा चौदाच्या चौदा दिवे रस्त्याकडं तिरके बघत होते, लग्नातल्या फोटोत एका बाजूला बघणाऱ्या पाहुण्यांसारखे. वर चढून ब्रॅकेटला नवी भोकं पाडली, खर्च माझ्या पदरचा. तेव्हापासून प्रत्येक पायाला फक्कीनं दोन रेघा मारतो, एक मध्याची आणि एक दिव्याच्या हाताच्या दिशेची, आणि फरमा त्या दुसऱ्या रेघेला लावतो. खांबाचं दार कुठल्या बाजूला येणार तेही तिथंच ठरवायचं, गाड्यांच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे वायरमनला रस्त्यात पाठ करून बसावं लागत नाही.

केबलच्या पाईपबद्दल वायरमनचं ऐका. गवंडी ५० मिलिमीटरचा पाईप आणि काटकोनी एल्बो घालून मोकळा होतो. १६ चौरस मिलिमीटरची चार कोरची आर्मर्ड केबल त्या एल्बोतून वळतच नाही, तिला जाडीच्या बारा पट तरी वळण लागतं, म्हणजे पाऊण फुटाच्या वर त्रिज्या. लांब बेंड वापरा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या केबलला वेगळे पाईप, अर्थिंगला तिसरा. तिन्हींची तोंडं चार बोल्टांच्या मधोमध यायला हवीत. आत तार ओढून ठेवा आणि तोंडाला टोपण लावा. पोत्याचा बोळा कोंबू नका, तो काँक्रीटच्या पाण्याबरोबर आत जातो आणि नंतर पाईपमधून वायर नाही, वायरमनचे शब्द बाहेर येतात.

काँक्रीटमध्ये फार काही सांगण्यासारखं नाही, एम-२५ ठेवा, जमिनीतल्या बाजूंना सळयांवर ५० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर ठेवा. मातीत थेट ओतताय तर ७५. सळयांचा पिंजरा मातीवर टेकवू नका. आरएमसी, म्हणजे गाडीनं येणारं तयार काँक्रीट, मागवलंत तर सहा घनमीटरच्या एका गाडीत ०.५९ चे दहा पाये होतात, त्यामुळे गाडी यायच्या आधी दहा खड्डे, पिंजरे आणि फरमे तयार हवेत. नाहीतर शेवटच्या तीन पायांना ड्रायव्हर पाणी मारून माल सैल करतो. ओतायच्या आधी खड्ड्यात साचलेलं पाणी आणि सुटी माती काढा. माथ्याला मध्यापासून कडेला थोडा उतार द्या. पीपीसी सिमेंट असेल तर दहा दिवस बारदान गुंडाळून पाणी मारा. खांब चौदा दिवसांनी. सात दिवसांत उभा करायची घाई वायरमनला असते, त्याला दोन दिवस केबल टाकायला पाठवा.

पायाचा माथा कुठल्या पातळीला, हा प्रश्न पेव्हरवाल्याला विचारल्याशिवाय काँक्रीट ओतू नका. मी अशी आवारं बघितलीत जिथं बेस प्लेट, नट सगळं पेव्हर ब्लॉकखाली गाडलं गेलंय. दिसायला सुबक. चार-पाच पावसाळ्यांनी खांबाचा बुडखा गंजून कागद होतो, आणि गंज दिसत नाही कारण तो गाडलेला असतो. माथा तयार फरशीच्या वर किमान १०० मिलिमीटर. जिथं ट्रक मागं घेतात, तिथं पाया ७५० ते ९०० मिलिमीटर वर काढा आणि काळे-पिवळे पट्टे मारा. गोदामात खांबाला पहिला धक्का वारा देत नाही, रिव्हर्स घेणारा ट्रक देतो. पण ध्यानात ठेवा, वर काढलेला भाग खोलीत मोजायचा नाही. कंत्राटदार एकूण लांबी २१०० दाखवतो, त्यातले ९०० हवेत असतात. जमिनीखालची खोली आहे तेवढीच हवी, उलट वारा आता तेवढ्याच उंचीनं वर गेलाय.

उभारणीच्या दिवशी आधी आकाशाकडं बघा, वरून वीजवाहिनी जाते का ते. मग खालचे चार नट एका लेव्हलला आणा, खांब ठेवा, दोन बाजूंनी ओळंबा बघत नटांनीच सरळ करा. प्लेटखाली लोखंडी चकत्या सारू नका. काँक्रीट आणि खालचा नट यातली फट बोल्टच्या जाडीपेक्षा जास्त नको. मग न आकसणारं ग्राउट भरा आणि एका बाजूला बोटभर खाच ठेवा, नाहीतर खांबाच्या आत जमणारं पाणी तिथंच साठतं. प्रत्येक खांबाला अर्थिंग, आणि दिव्यांच्या फीडरला आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. पाणी साचणाऱ्या आवारात यात तडजोड नाही.

राहिले तुमचे दोन कललेले खांब. आधी पायाच्या माथ्यावर स्पिरिट लेव्हल ठेवा. माथा लेव्हलमध्ये असेल तर दोष नटांचा, पाना घ्या आणि सुधारा. माथाही तिरका असेल तर खांब उतरवा. जेसीबीनं खांब ओढून सरळ करायला जाऊ नका. तो सरळ दिसतो, खाली दुसऱ्या बाजूला तेवढीच नवी फट होते. पायाच्या चारी बाजूंचा सैल भराव हातानं काढा, तिरकेपणा थोडा असेल तर पाया आहे तसाच राहू द्या, घळ तळापासून १:४:८ नं भरत या आणि वरच्या ६०० मिलिमीटरला पायाला डॉवेल, म्हणजे जोडसळया, बसवून सगळीकडून ३०० मिलिमीटर रुंद आरसीसी कॉलर घाला. खांब नंतर नटांवर सरळ होईल. तिरकेपणा बोटभराहून जास्त असेल तर तो पाया सोडा आणि दीड मीटर बाजूला नवा घ्या. जुना काढत बसू नका, तो काढायला जेवढा मोठा खड्डा लागेल तेवढ्यात शेजारचा नवा खांबही हलेल.

आणि बाकीचे चार, जे अजून सरळ उभे आहेत, तेही त्याच जेसीबीनं, त्याच आठवड्यात केलेत. त्यांच्या कडेनं या आठवड्यातच पहार घालून बघा. सहज आत गेली तर कॉलर त्यांनाही लागेल.